ख चा ह

गोरेगाव (गोंदियाजवळ), डिसेंबर १९५७

शकूच्या बाबाच्या पाया पडते.

तुमी विदर्भाच्या रणजी संघात आले, हे पेपरात वाचलं. अडतीस वर्षांचा गडी, असंही लिवलं आहे. "जावई पाहाचे दिवस आले, अन् हा अजून चेंडू कायले फेकून राहिला?" म्हणणारे आता गप बसतीन, असं मले वाटलं होतं.

पण पेपरवाल्यानं तुमच्या नावातल्या ख चा ह केला. हेमराज छापलं. काल बाजारातून पाच-सहा जण मामाजींच्या मागंमागं आंगणात आले. "हा हेमराज दुसराच कोणी आहे, तुमचा पोरगा नोहोय," म्हणून हसून राहिले होते. मामाजी पेपर धरून उभे. त्यायले वाचता येत नाही.

मी सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला अन् दारातून तुमचं नाव घेतलं. सासऱ्यासमोर, उखाण्याबिगर, सरळ. "ह नाही, ख आहे. गोंदियाच्या मैदानावर इतकी वर्सं खेळतेत, तेच हे."

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. मंग त्या लोकायले म्हणाले, "आयकलं ना? बसा आता, चहा घ्या."

हे पत्र संदुकीतच राहीन. पाकिटावर नाव लिवा लागते, तिथं हात थांबते. तुमी आले का तुमच्यासमोर घेईन. बरोबर घेतलं का नाही, तुमीच सांगा.

शकूची माय