टू बीएचके, भरपूर प्रकाश

६ एप्रिल २०२५, रविवार.
आजपासून घर विकण्याचं काम शिस्तीत. एजंट मच्छिंद्र सहा महिने गिऱ्हाईक आणतो म्हणतोय आणि एकटाच येऊन चहा पिऊन जातो. दोष घराचा नाही, फोटोंचा आहे. त्यानं मोबाईलवर काढलेत. आमचा हॉल त्यात एसटी स्टँडवरच्या पार्सल ऑफिससारखा दिसतो. चुलतभाऊ सम्राटचा कॅमेरा आणला. तो लग्नाचे फोटो काढतो, म्हणजे काम अवघड नसणार.
दीपाला पुण्याला फोन केला. म्हटलं, एप्रिलअखेर घर विकून मी तिकडे. ती म्हणाली, आधी दिवाळीअखेर होतं. तिची बदली झाल्यापासून ती आणि आमची लेक सायली तिथं एका खोलीत राहतात. चिडचिड होणारच. मी तरी नोकरी सोडून सावेडीत कुणासाठी थांबलोय?

९ एप्रिल.
सकाळी ७. बेडरूम. पलंग हलवला. मागं भिंतीला ओल. पलंग परत लावला.
दुपारी ३. किचन. भांडी बाथरूममध्ये ठेवली. उत्तम फोटो.
४. बाथरूम. भांडी किचनमध्ये.
एकूण फोटो १८०. चांगले ४. त्यातल्या दोनांत माझा पाय.

११ एप्रिल.
मच्छिंद्रला फोटो दाखवले. हॉलच्या फोटोवर थांबला. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. म्हणाला, "सर, ही भिंत नको. गिऱ्हाईकाला आधी घर आवडू द्या." का, असं विचारलं. म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे, सर." चहा संपवून गेला.
विचार केला. तसबिरींच्या काचेवर खिडकीचं रिफ्लेक्शन येतंच. निव्वळ तांत्रिक कारणासाठी दुसऱ्या कोपऱ्यातून फोटो काढले. तसबिरींना हातसुद्धा लावलेला नाही, हे महत्त्वाचं.
जाहिरात टाकली. 'टू बीएचके, भरपूर प्रकाश.'

१४ एप्रिल.
जयंती. सकाळी विहारात वंदना. तिथंच दीपाचा फोन. तिनं जाहिरात बघितली होती. विचारलं, बाबासाहेब कुठं गेले? मी रिफ्लेक्शन समजावून सांगितलं. मग म्हणाली, "घर नाही विकलं तरी चालेल, पंकज." फोन ठेवला. सायलीशी बोलणं राहिलं.
मी तसाच फोन कानाला लावून उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, बोलतोय.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी २.
आनंदाची बातमी. कोपरगावचे रविराज, साखर कारखान्यात केमिस्ट, जाहिरात बघून चार वाजता पत्नीला घेऊन येणार. तोवर भिंतीसकट हॉलचा नवा फोटो काढून दीपाला पाठवतो. दोन्ही कामं एका दिवसात.

संध्याकाळी ७.
अख्खी भिंत फ्रेममध्ये बसेना. मागं सरकत सरकत बाल्कनीत गेलो. फोटो अप्रतिम आला. तेवढ्यात वाऱ्यानं दार आपटलं आणि आतली कडी आपोआप पडली. फोन आत.
ओरडलो नाही. सोसायटीत आपली एक प्रतिमा आहे.
चार वाजता बेल वाजली. पाच वेळा. मग शेजारच्या मनकर्णाकाकूंचा आवाज आला. उन्हाचं उभं कशाला, आत या, पानी प्या, असं त्या कुणाला तरी म्हणत होत्या. त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीला लागून. थोड्या वेळानं काकू, रविराज आणि त्यांची पत्नी तिथं उभे.
रविराजांनी विचारलं, पंकज सर तुम्हीच का, आम्ही बेल वाजवत होतो. मी कॅमेरा वर केला आणि म्हणालो, प्रकाश बघतोय. मग येऊ का तिकडं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, पाच मिनिटं थांबा, प्रकाश बदलतोय.
ते आत गेले. बऱ्याच वेळानं खाली गाडी सुरू झाली.
सहाला काकूंना वस्तुस्थिती सांगितली. आमचं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. काकूंनी येऊन कडी काढली. म्हणाल्या, "आवो, आदी न्हाई का सांगायचं? मला वाटलं तुमचं इकायचं मनच न्हाई."
ऊन लागलं होतं, म्हणून आधी दोन तांबे पाणी प्यायलो.

२७ एप्रिल.
रविराजांचा फोन. घर पसंत. काकूंचं.
काकूंना विचारलं. म्हणाल्या, "माज्या बी मनात नव्हतं वो. पन भाऊ सोनईला एकटाच हाय. अन् मानसं लई चांगली वाटली." त्यांच्या घराचा आजवर एकही फोटो कुणी काढलेला नाही. असो. बाजारात मागणी आहे हे सिद्ध झालं.

३० एप्रिल.
भिंतीचा फोटो जाहिरातीत टाकला. दीपाला पाठवला. तिचा अंगठा आला. मच्छिंद्र फोन उचलत नाही. लग्नसराई असेल.

२५ मे, रविवार.
काकूंचं सामान टेम्पोत भरायला मदत केली. निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. रविराज येत्या रविवारी ताबा घ्यायला येणार, त्यांना द्यायची. "तुमी हायेतच की हितं," म्हणाल्या.
हो म्हणालो.
येत्या रविवारी मी पुण्याला जाणार होतो. दीपाला फोन करून सांगितलं, जमणार नाही, किल्लीची जबाबदारी आहे. ती म्हणाली, बरं. कुणाची किल्ली, ते विचारलं नाही.