मिनिटाचा रकाना

१२ नोव्हें.
सुमनला जाऊन सव्वा महिना. घरात बसवत नाही. निखिल म्हणतो, "बाबा, थोडा आराम करो ना." बाड्याच्या चौकापर्यंत चालत गेलो, आलो, पुन्हा गेलो.
दुपारी हॉकीची मॅच. अंपायर प्रीती कुशवाह. परीक्षक म्हणून तिला गुण द्यायचे होते, दिले. 'जागा घेणे' – दहापैकी ४. शेरा: डीपासून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापासून, लांब राहते. एकही आकडा सहाच्या खाली असला की राज्याच्या अंपायर पॅनेलवर निवड नाही. मॅचनंतर अंपायरशी बसून बोलायचं असतं. बसलो नाही. टेंपो पकडला.

१४ नोव्हें.
प्रीती घरी आली, फॉर्मची प्रत घेऊन. "सर, नंबर के लिए नहीं आई. बस बता दीजिए किस मिनट में दूर थी. ठीक कर लूँगी."
मिनिटाचा रकाना कोरा. नव्या परीक्षकांना मीच शिकवतो: मिनिट नाही तर शेरा नाही.
बघून सांगतो म्हणालो. कुठे बघणार?

१५ नोव्हें.
सकाळपासून आठवतोय. तिन्ही गोल आठवतात, शेवटचा तर फारच सुंदर. प्रीती कुठे उभी होती, आठवत नाही.
परीक्षकानं चेंडू बघायचा नसतो, अंपायर बघायचा. एकवीस वर्षं तेच केलं. त्या दिवशी तासभर चेंडूच बघितला. बरं वाटत होतं.
शेरासुद्धा माझा नाही. माझ्या मागे हरणाऱ्यांचा कोच ओरडत होता, "मैडम, इतनी दूर से क्या दिखेगा!" तेच लिहून मोकळा झालो.

१७ नोव्हें.
हॉकी संघटनेचे सचिव जाधव, त्यांच्याकडे गेलो. फॉर्म परत मागितला.
"काका, तब्येत बरी नव्हती असं लिहा. घरात एवढं झालंय, कोण काय म्हणणार? चाराचा सात करू, छुट्टी!"
सातही मी पाहिलेला नाही. तसं म्हणालो.
"मग काकू गेल्यानंतरच्या बाकी तीन मॅचेस? त्या पाहिल्या?"
उठलो. पडावच्या पुलापर्यंत पायी. त्या मॅचेसच्या तिघा अंपायरांना आठ-आठ दिलेत. दोघं पॅनेलवर गेलेसुद्धा.

१८ नोव्हें.
पत्र दिलं. अंपायरकडे लक्ष नव्हतं, गुण ग्राह्य धरू नयेत. चारही मॅचेस लिहिल्या. सुमनचा उल्लेख नाही केला.
जाधव वाचून म्हणाले, "तुम्ही पण ना काका, कमाल करता. आता पोरं तुमच्याच नावानं बोंब मारणार." समिती रविवारी बसेल. मला ठेवतील असं वाटत नाही.

१९ नोव्हें.
दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्यांदा प्रीतीनं उचलला. सगळं सांगितलं.
"मतलब मेरा चार कैंसल?"
समिती ठरवेल, म्हणालो. कदाचित पुन्हा एक मॅच द्यावी लागेल. बघायला दुसरं कोणी असेल.
मग म्हणाली, "तो सर, उस दिन मैं कैसी थी?"
सांगता आलं नाही. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.