पाठीवरचे चतुर

प्रिय हिसानो,

कोबेत उकाडा फार असेल. तरी खिडकी उघडी ठेवून झोपत जाऊ नकोस, आणि गॅस बंद केला की नाही ते दोनदा बघत जा. माझे अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच.

बोनच्या सणातल्या नाचासाठी तुझ्या आईने मला अंगात घालायला नवा युकाता शिवायचे मनावर घेतले आहे. जुना चांगला आहे, असे मी म्हटले. "जुना तुमच्यासारखाच झालाय, कुठूनही उसवतो," म्हणाली. मग आम्ही नोझावाच्या दुकानात गेलो. पूर्वी ती प्रत्येक तागा दारात उजेडाला नेऊन बघायची. या खेपेला आतच बसून कापड बोटांत चुरगाळत राहिली, गालाला लावत राहिली. नोझावा म्हणाला, "काकू, कापड घेताय की मांजर?" ती हसली आणि एक तागा उचलला. सुती, मऊ. पांढऱ्यावर निळे चतुर, पंख पसरलेले, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला.

मला शिवण येत नाही. पण इतकी वर्षे तिच्या शेजारी बसून एवढे कळते, की युकात्याला खांद्यावर शिवण नसते. पुढचे आणि पाठीचे कापड एकच लांब पट्टी. पुढे चतुर वर उडाले की पाठीवर ते डोके खाली करून पडणार. तू आईच्या शिवणवर्गात शिकत होतीस तेव्हा असेच बगळ्यांचे कापड आणले होतेस. आईने भर वर्गात विचारले होते, "हिसानो, हे बगळे विकायला उलटे टांगलेस का?" तू किती रडलीस. दुकानात मी काही बोललो नाही. नोझावाही बोलला नाही. काकूंच्या मनात काही वेगळे असेल, असे त्याला वाटले असावे.

घरी मापे घेतली. "हात तिरका धरा. एवढा वर नको, बस थांबवताय का?" बोलणे नेहमीचेच. पण मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत बांबूची पट्टी लावली आणि आकडा मला वाचायला लावला. चष्म्याला वाफ धरली म्हणाली. सुया हल्ली मीच ओवून देतो. वर्गातल्या बायकांना तिने उन्हाळ्याची सुट्टी दिली आहे. अशी सुट्टी कधी नसायची.

काल ती कापड कापायला बसणार होती. कात्री लपवावी असे मनात आले, पण धीर झाला नाही. नुसती डब्यातून काढून समोरच्या फळीवर ठेवली. ती फळीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, माझी कात्री पाहिलीत का?" कात्री तिच्या नाकासमोर होती. धार लावायला दिली आहे, असे मी सांगितले.

म्हणून हे पत्र. फोनवर ती शेजारीच असते. धारवाल्याकडे कात्री किती दिवस राहणार? तू ये. काहीही निमित्त काढ, पण तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. मी नाव काढले की ती मलाच वेड्यात काढते. चतुरांचे तिला सांगावे की नाही, हे मला ठरवता येत नाही. कापड कापले गेले तर मी तो युकाता घालीन. लोक मला हसले तरी चालेल. पण नाचात माझ्यामागे येणाऱ्या बहुतेक बायका तिच्याच हाताखाली शिकल्या आहेत. त्या हसणार नाहीत, एकदम गप्प होतील. आणि ते तिला ऐकू येईल. कान तिचे अजून चांगले आहेत.

तुझाच,
बाबा