हौदावरची फरशी

५ मार्च १९७३, सोमवार
आज कामावर रुजू झाले! कुंडलहून निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. एकाहत्तरच्या लढाईत हे गेले, त्यानंतर प्रथमच घर सोडून बाहेर पडले. तालुक्याच्या या लहानशा तुरुंगात मी बायकांची पहारेकरीण. सरकारी पातळ जरा तोकडं आहे, पण रुबाब येतो. तहसीलदार महिन्यातून एकदा सहीला येतात, बाकी सगळं जमादार तात्याबांच्या हाती. त्यांनी स्वतः चहा मागवला. कोठडीत तिघीच: म्हाताऱ्या बनुबाई, चोरीचा आरोप असलेली मदिनाबी आणि राहीबाई. राहीबाईनं गुन्हा कसलाच केलेला नाही. शिरवळच्या रस्त्यावर भटकताना सापडली, वेडी म्हणून आणून ठेवली, त्याला आठ महिने झाले. दिवसभर ओव्या म्हणते. गळा गोड आहे.

९ मार्च
दुपारी जेवून आले तर राहीबाई जागेवर नाही. तात्याबा म्हणाले, डॉक्टरकडे नेलीय. परसात धुणं वाळत घालताना पायाखालून ओवी ऐकू आली. तिथं जुना हौद आहे, वर फरशी. तात्याबा म्हणाले, हौद कोरडा आहे, उन्हानं कान वाजतात बाई. तिन्हीसांजेला ती परतली. पातळ ओलंचिंब, ओठ निळे.

१३ मार्च
आज पुन्हा. तात्याबा जेवायला गेल्यावर मदिनाबी आणि मी पहार लावून फरशी सरकवली. राहीबाई अंधारात छातीभर पाण्यात उभी. फरशीच्या खालच्या अंगाला नखांचे ओरखडे. काही ताजे. काही जुने, शेवाळलेले. तिला वर ओढून कोठडीत आणलं. बनुबाई म्हणाल्या, "तुमच्या आदी हितं कैदेत अंबूबाई व्हती, ती त्या हौदातच मेली. कागदावर ताप लिवला."

१४ मार्च
तात्याबांना तोंडावर विचारलं. हसले. "येडीला गप करायला दुसरं काय औषद हाय? तुमाला नोकरी पायजे न्हवं?"
पाहिजे. घरी सासूबाई आहेत. तरी म्हटलं, यापुढं तिला माझ्या समोरून न्यायचं नाही. ते फरशीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

१६ मार्च
मदिनाबी जामिनावर सुटली. तात्याबांविरुद्धचा माझा तक्रारअर्ज चोळीत घालून साताऱ्याला गेली, थेट जज्जांकडे. म्हणाली, "मरंन, पर दुसऱ्याच्या हातात देनार न्हाई."

१९ मार्च
साताऱ्याहून निरोप— जज्ज उद्या अकराला येणार. तात्याबांनाही कळलंय. सकाळपासून परसात घागरी ओततायत. हौद आता काठोकाठ— कुणासाठी ते मला ठाऊक आहे.

२० मार्च
दहा वाजले. राहीबाईला न्यायला आले. मी कोठडीत शिरले, आतून साखळी ओढून कुलूप घातलं. दोघी माझ्या मागे. भीती वाटते— लय वाटते— पण उठणार नाही. घणाचे घाव पडतायत. वही मांडीवर नाचते. तात्याबा ओरडले, कुलूप काढ. म्हटलं, जज्जांसमोर काढीन.
एक कडी तुटली. दुसरी—
ऐका तात्याबा, हिला हात लावायचा तर आधी मला—