सोहारपलीकडची रेषा

२ नोव्हें., रविवार. सोहार कॅम्प.
सकाळीच सीबच्या घरून निघून साइटवर. वादीच्या कोरड्या पात्रावरच्या रेल्वेपुलाच्या खांबांची रेषा दुर्बिणीतून तपासली. बरोबर आहे. बायको सकीना गेल्यापासून कामात चूक होत नाही, उलट जास्तच नीट होतं. दुपारी बरोबरच्या महेशने डबा पुढे सरकवला. "हमीदभाई, खावा काय तरी. नुसतं बघून पोट भरत नाय." खाल्लं. काय होतं, आठवत नाही.

४ नोव्हें., मंगळवार.
साहेबांनी बोलावलं. ओमानच्या बाजूची मोजणी संपत आली. पुढचं काम सरहद्दीपलीकडे अमिरातीत, अल ऐनच्या अंगाला. "बेटी वहीं है ना तुम्हारी? फिर सोचना क्या?" म्हणजे इथला व्हिसा रद्द, सीबचं घर सोडायचं. महिनाअखेर सांगतो म्हटलं. नाझनीनला फोन केला. लेक आनंदाने रडली. 

७ नोव्हें., शुक्रवार. सीब.
जुम्म्याची नमाज पढून घरी. फ्रीझरमध्ये सकीनाने साफ करून ठेवलेली सुरमई तशीच. काढली, परत ठेवली. खालून पराठा आणला.
ऑगस्टमध्ये ती ओट्याशीच कोसळली. अँब्युलन्स आली तोवर खलास. नाझनीनला तेव्हा आठवा महिना, येता आलं नाही. आज फोनवर म्हणाली, "अब्बा, अम्मीचं कपाट मी येऊन आवरते. तुम्ही हात लावू नका." मी लावत नाहीच.

८ नोव्हें., शनिवार.
कब्रस्तान. दफनानंतर पहिल्यांदाच गेलो. इथे कबरीवर नाव नसतं. बाईमाणूस म्हणून तीन दगड, एवढीच खूण. भिंतीपासून तिसरी ओळ असं डोक्यात होतं. पण मधल्या काळात नव्या कबरी झाल्यात, त्या ओळीत तीन-चार सारख्याच. उभं आयुष्य मोजणीच्या खुंट्या मारण्यात गेलं. दफनाच्या दिवशी तिच्या जागेची काहीच खूण केली नाही. मध्येच उभा राहून फातिहा पढला. घरी येऊन गॅसचा सिलिंडर बदलला.

१३ नोव्हें., गुरुवार. सरहद्द.
पलीकडची टीम आली. त्यांची रेषा आणि आमची रेषा एका बिंदूवर मिळायला हवी. मिळाली. खजूर, कहवा, फोटो. कोणीतरी बोललं, उद्या गाडी इथून अबुधाबी, पुढे इन्शाल्ला सौदी, कुवेत. टाळ्या. मीही वाजवल्या.
त्यांच्यात अक्रम. पूर्वी मस्कतला माझ्याबरोबर होता, कितीदा घरी जेवलेला. मिठी मारली. "भाभी कैसी हैं? उनकी मछली आज तक याद है."
"ठीक हैं."
"मेरा सलाम कहना."
"कहूँगा."
महेश शेजारीच होता. परतताना गाडीत त्याने नुसता एसी वाढवला.

२१ नोव्हें., शुक्रवार. सीब.
नाझनीन आली. जावई, बाळ. कपाट उघडून कितीतरी वेळ त्यासमोर बसून राहिली. एकही कपडा बाहेर काढला नाही, दार लावून टाकलं.
मग म्हणाली, "अब्बा, तुम्ही या माझ्याकडे. ट्रेन सुरू झाली की दर जुम्म्याला येऊ अम्मीला भेटायला."
आधी मालगाड्या. माणसांची गाडी कधी, ते कोणालाच माहीत नाही. "हो," म्हटलं.
असरची नमाज पढून कब्रस्तान. जावई बाळाला घेऊन गाडीतच थांबला. नाझनीन माझ्या मागून. तिसऱ्या ओळीत चालत गेलो. एका जागी पाय थांबले, का ते...
"हीच ना अब्बा?"
"हीच."
ती खाली बसली. ओढणीने दगडांवरची धूळ पुसली. बोलत राहिली. बाळाचं नाक तुझ्यावर गेलंय, केस किती दाट आहेत बघ, सगळं. मी बाजूला उभा. ऊन उतरत होतं. तिला ऊठ म्हणवेना, आणि दुसरंही काही सांगवेना.

२३ नोव्हें., रविवार. सोहार कॅम्प.
साहेब दोनदा विचारून गेले. बदलीचा कागद टेबलावर आहे. नाझनीनने त्या कबरीचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, आता मन शांत झालं अब्बा, तुम्ही सही करा.
फोटो मोठा करून बघितला. मागे भिंत दिसते, थोडं आभाळ. असेलही तीच.
बाहेर महेश हाका मारतोय, साइटची गाडी निघाली म्हणून. सही न करता कागद तसाच ठेवून उठतो.