करंट येतो

बरकतपुरा, मंगळवार संध्याकाळ

गच्चीवरच्या उघड्या प्लगवर पाऊस पडतो, म्हणून सासूबाईंनी दुधाची पिशवी बांधली होती. ओल आतच कोंडली. सकाळी तिथे हात लागताच माझ्या बोटाला झिणझिण्या आल्या. घाईत भिंतीवर कागद चिकटवला, ‘करंट येतो’, आणि ऑफिसला पळाले.

परत येऊन बघते, तर सासूबाई ओल्या हाताने वॉशिंग मशीनची पिन तिथेच लावायला निघालेल्या! मी किंचाळलेच. “आई, कागद वाचला नाहीत?”

“वाचला की! करंट येतो म्हणून तूच लिहिलंस. म्हटलं, चला, प्लग चालू झाला.”

इथे सासरी वीज आली की करंट आला म्हणतात. पुण्याला आमच्याकडे करंट येतो म्हणजे झटका बसतो. लग्नाला वर्ष झालं, रोज ऐकते, तरी कसं सुचलं नाही? आणि बाबांनी लहानपणीच शिकवलं होतं, आधी मेन बंद करायचा. मी कागद लिहीत बसले.

आता मेन बंद आहे, पिशवी फेकली. उद्या इलेक्ट्रिशियन झाकणाचा, पाणी न शिरणारा डबा बसवेल.

तोवर भिंतीवर सासूबाईंच्या अक्षरात नवा कागद आहे: ‘हात लावू नका. सून ओरडते.’