नानांच्या दोन गोळ्या

पिंप्राळा, जळगाव
९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. पुष्पा हीस सप्रेम जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

इकडे ठीक. गेल्या वर्षीच्या हार्ट अ‍ॅटॅकनंतरची कोलेस्टेरॉलची गोळी, सिमव्हास्टॅटिन, नेमाने घेतो. रक्तातली दुसरी चरबी उतरेना, म्हणून डॉक्टरांनी महिन्यापूर्वी जोडीला जेमफायब्रोझिल दिली. हल्ली मांड्या आणि दंड दुखतात. रेल्वेत गँगमन असताना रूळ उचलले, ते दुखणे आता वर आले असावे.

आपला भाऊ मगन पन्नाशीत हार्ट अ‍ॅटॅकने झोपेतच गेला. तू एक्कावन्नची झालीस. रक्त तपासून घे. शाळेत पोरींची हजेरी घेतेस, स्वतःची कधी घेणार?

माया आहेच, ती असू दे.
तुझा थोरला भाऊ, आधार

धुळे
२० नोव्हेंबर १९९७

ती. नानांना सविनय जयभीम, वि. वि.

कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद निघाले. मलाही सिमव्हास्टॅटिन सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की बहुतेकांना काही होत नाही. पण कारण नसताना अंग दुखले किंवा लघवी गडद झाली, तर अंगावर काढायचे नाही. ते ऐकून तुमचे पत्र पुन्हा वाचले. नाना, रिटायर होऊन चार वर्षे झाली. रूळ आत्ता कसे दुखतील? पत्र मिळेल त्या दिवशी दवाखान्यात जा. सुनेला, रुक्माला, बरोबर न्या. डॉक्टरांसमोर तुम्ही ‘बरं आहे’ एवढेच बोलता.

रागावले तरी तुमचीच,
पुष्पा

जळगाव, दवाखान्यातून
२ डिसेंबर १९९७

चि. सौ. पुष्पा हीस आशीर्वाद.

हात उचलवत नाही, म्हणून रुक्माकडून लिहवून घेतो. तुझे पत्र आले त्या सकाळी मला पाटावरून उठता आले नाही. लघवी काळ्या चहासारखी. शेजारच्या बेबाबाई पाहायला आल्या आणि म्हणाल्या, “नाना, हाई दुखनं साधं नही शे.” लगेच रिक्षात घातले.

या दोन गोळ्या एकत्र आल्या की क्वचित एखाद्याचे स्नायू झिजून विरघळतात आणि मूत्रपिंडावर भार येतो, असे डॉक्टर म्हणाले. दोन्ही बंद केल्या, सलाइन लावली. उशीर झाला असता तर मूत्रपिंडे गेली असती. आता लघवी स्वच्छ आहे. मी रडलो नाही. रुक्मा रडली, हे लिहायला ती तयार नव्हती.

काळजी करू नकोस, आठवण ठेव.
आधार

धुळे
१४ डिसेंबर १९९७

ती. नानांना सविनय जयभीम, वि. वि.

तुम्ही वाचलात, याहून मोठे काही नाही. तुमचे पत्र आले त्याच दिवशी माझी गोळी मी बंद केली. मगन झोपेत गेला, निदान त्याला कळले तरी नाही. तुमच्यासारखे पाटावर अडकून पडायची माझ्यात हिंमत नाही. यावर वाद घालू नये.

लोभ कमी करू नये.
पुष्पा

पिंप्राळा
२२ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. पुष्पा हीस आशीर्वाद.

वाद घालत नाही, बातमी देतो. तपासण्या चांगल्या आल्यावर डॉक्टरांनी जेमफायब्रोझिल कायमची बंद ठेवली आणि सिमव्हास्टॅटिन एकटीच, कमी ताकदीची, पुन्हा दिली. रक्त मधूनमधून तपासणार आहेत. गोळी हातात घेऊन ओट्यावर बराच वेळ बसलो. भीती वाटली. मग गिळली.

मगनला कळले नाही, हे खरे. पण सकाळी त्याला हलवून उठवायला मी गेलो होतो. तसे मला धुळ्याला यायला लावू नकोस. तुला गोळी एकच आहे. घ्यायची की नाही, ते डॉक्टरीणबाईंना विचारून ठरव, माझ्या पत्रावरून नको.

तुझा नाना

धुळे
८ एप्रिल १९९८

ती. नानांना सविनय जयभीम, वि. वि.

तुमचे पत्र आले त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रक्त पाहून गोळी पुन्हा सुरू केली. काल पिंढऱ्या दुखायला लागल्या आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. जयंतीच्या मिरवणुकीसाठी दोन दिवस पोरींना लेझीम शिकवत होते, हे नंतर आठवले. तरी तपासायला गेलेच. काही निघाले नाही. रिक्षा न करता चालत घरी आले. पाय दुखत होते, आणि बरे वाटत होते.

रुक्माला जयभीम.
तुमची पुष्पा